शस्त्र न उचलणारा वीर

बीड जिल्ह्यांतील आष्टी हा तालुका जुन्या हैदराबाद संस्थानाच्या पश्चिम कडेस होता. शीव ओलांडली कीं इंग्रजी अंमलाखालील नगर जिल्हा लागे. दोन्ही बाजूंचें राज्य निराळें, नाणें निराळें, कचेरीची भाषाहि निराळी. परंतु श्रावणांत पोथी लागली म्हणजे ही शीव कोणाच्या ध्यानांत राहत नसे. श्रीधरांचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' हे ग्रंथ नगराकडे जसे वाचले जात तसेच आष्टीकडेहि. किंबहुना आष्टी मध्यें धरून दीडशें किलोमीटरांच्या टापूंत नजर फिरविली तर मराठी ओवीचें अर्धेंअधिक घराणेंच दृष्टीस पडतें. उत्तरेस एकनाथांचें पैठण, पूर्वेस मुकुंदराज व दासोपंत यांचें अंबेजोगाई, नैर्ऋत्येस शेख महंमदांचें श्रीगोंदें आणि वायव्येस राहुरीजवळचें ताहराबाद, जेथें महिपतींनीं संतचरित्रें रचलीं. याच टापूंत, नगर शहरीं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत एका कवीनें ख्रिस्ताच्या चरित्रावर महाकाव्य लिहावयास घेतलें. कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि काव्याचें नांव 'ख्रिस्तायन'.

पोथीस बसणाऱ्या श्रोत्याची वीराची कल्पना ठाम असते. भीम दुर्योधनाची मांडी फोडतो, राम रावणाचीं शिरें उडवितो, कृष्ण कंसाला मंचकावरून खालीं ओढतो. दुष्टाचा संहार झाला कीं अध्याय संपतो व आरती होते. अशा श्रोत्यापुढें टिळक जो नायक घेऊन आले तो रात्रीच्या वेळीं बागेंत पकडला जातो, प्रतिकार करीत नाहीं, न्यायसभेंत बहुतेक गप्प राहतो, फटके खातो आणि दोन चोरांच्या मधोमध वधस्तंभावर प्राण सोडतो. त्याचे शिष्य आधींच पळून गेलेले असतात. हा वीर कसा? आणि हें जर शौर्य असेल, तर सर्व देशांत रणवर्णनावर पोसलेलें महाकाव्य त्याचें वर्णन करणार कसें?

ख्रिस्ती कवींना हा पेंच युरोपांतहि पडला होता, आणि पुष्कळ काळपर्यंत त्यांनीं तो सोडविला नाहीं, चुकविला. नवव्या शतकांत जर्मनींतील सॅक्सन लोकांसाठीं 'हेलिआंड' नांवाचें ख्रिस्तचरित्र रचलें गेलें. या लोकांना शार्लमेन राजानें तरवारीच्या जोरावर ख्रिस्ती केलें होतें, आणि त्या गोष्टीस फार दिवस लोटले नव्हते. त्यांना समजेल अशी थोरवीची एकच उपमा होती, ती म्हणजे सरदार व त्याचे एकनिष्ठ पाईक. म्हणून ख्रिस्त हा सरदार झाला, आणि शिष्य त्याचे पाईक झाले. बागेंत पीटर तरवार उपसून महायाजकाच्या सेवकाचा कान छाटतो, हा प्रसंग बायबलांत अवघ्या दोन-चार ओळींचा आहे. 'हेलिआंड'च्या कवीनें तो खुलवून लढाईसारखा रंगविला. ख्रिस्त पुढें पीटरला तरवार म्यान करावयास सांगतो व त्या सेवकाचा कान बरा करतो हें खरें. पण ऐकणाऱ्यांचें मन कोठें रमलें असेल हें सांगावयास नको.

पुढील कवींनीं तर नायकच बदलला. पोर्तुगालच्या कामोंइशनें, जो स्वतः कांहीं वर्षें गोव्यांत राहिला होता, १५७२ सालीं वास्को द गामाच्या सफरीवर महाकाव्य प्रसिद्ध केलें. इटलीच्या टॅसोचें १५८१ सालचें काव्य येरुशलेम जिंकणाऱ्या सरदारांवर आहे. दोन्ही काव्यें थोर आहेत. परंतु दोहोंतहि क्रूस आहे तो निशाणावर; नायकाच्या खांद्यावर नाहीं.

हा प्रश्न सरळ अंगावर घेतला तो इंग्रज कवि मिल्टन यानें. 'पॅरडाइज लॉस्ट' हें त्याचें काव्य १६६७ सालीं निघालें. त्याच्या एका सर्गाच्या आरंभीं तो बजावतो कीं, युद्ध हाच आजवर वीरकाव्याचा विषय मानला गेला; पण सोशिकपणा व हौतात्म्य यांतील शौर्य त्याहून श्रेष्ठ असून तें कोणी गाइलेलें नाहीं. विचार उत्तम, अंमलबजावणी मात्र कवीच्या हातांतून थोडी निसटली. जुन्या वीरांचें जेवढें म्हणून भांडवल, म्हणजे न खचणारें मन, सभा हालविणारें वक्तृत्व, सैन्य, साहसाचा प्रवास, तें सारें त्या काव्यांत सैतानाच्या वांट्यास आलें, व कित्येक वाचक त्यालाच नायक समजून बसले. चार वर्षांनीं मिल्टननें 'पॅरडाइज रिगेन्ड' लिहून चूक दुरुस्त केली. त्यांत ख्रिस्त रानांत एकटा आहे, आणि सैतान जें जें देऊं करतो त्याला तो नकार देतो, एवढेंच कथानक. इंग्रजी वाचक आजहि पहिलें काव्य वाचतात आणि दुसऱ्याचें नुसतें नांव घेतात. नकाराचें शौर्य काव्यांत उभें करणें किती कठीण आहे याचा याहून चांगला दाखला मिळणार नाहीं.

मात्र तें कोणीच गाइलें नव्हतें ही मिल्टनची समजूत खरी नव्हती. त्याच्या आधीं पन्नास वर्षें त्याच्याच एका देशबांधवानें तो विषय हातीं घेऊन पुरा केला होता, आणि तोहि मराठींत.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास जन्मला, जेझुइट पंथांत शिरला आणि १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यांत गोव्यास उतरला. त्याचें पुढील चाळीस वर्षांचें आयुष्य बहुतेक साष्टी प्रांतांत गेलें. तेथें तो लोकांची भाषा शिकला, ग्रंथांची मराठी शिकला, आणि १६१६ सालीं राशोल येथें त्याचें 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपींत छापून निघालें. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा व दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र, अशा मिळून सुमारें अकरा हजार ओव्या. त्याची ओवी एकनाथांच्या ओवीशीं नातें सांगणारी आहे. स्वर्गाला तो 'वैकुंठ' म्हणतो. परक्या मुलखांतून आलेला माणूस मराठीची थोरवी इतक्या मोकळ्या मनानें गातो हें पाहून आजच्या वाचकासहि थोडें लाजल्यासारखें होतें.

परंतु या पुराणाच्या आरंभींच एक प्रसंग आहे, तो नीट वाचला पाहिजे. नव्यानें ख्रिस्ती झालेला एक गृहस्थ पाद्रीला विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर मग त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं वाचावयास कां देत नाहीं? या साध्या प्रश्नांत साष्टीचा पन्नास वर्षांचा इतिहास सांठवलेला आहे. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशनची स्थापना झाली. त्याच दशकांत साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. पोथ्या घरांत ठेवण्याची चोरी झाली. 'ख्रिस्तपुराण' जन्मलें तें अशा रिकाम्या केलेल्या घरांत. ज्याची पोथी हिरावली गेली त्याच्याच मागणीवरून, आणि हिरावणाऱ्यांपैकींच एकाच्या हातून, त्याला नवी पोथी मिळाली. स्टीफन्सनें ती प्रेमानें रचली यांत शंका नाहीं, आणि हिरावण्याचा प्रकार झाला यांतहि शंका नाहीं.

पुराण छापलें जाण्यापूर्वीं तेहतीस वर्षें साष्टींतच जें घडलें त्यानें हा गुंता अधिकच दिसून येतो. अकबर बादशहाच्या दरबारांतून परत आलेला इटालियन जेझुइट रुडोल्फ ॲक्वाव्हिवा १५८३ च्या जुलैंत चार पंथबंधूंना व इतर कांहीं लोकांना घेऊन कुंकळ्ळीस गेला. देवळाची जागा पाहावी, क्रूस उभारावा असा बेत होता. कुंकळ्ळीचे गांवकर आधींच पोळलेले होते. पोर्तुगीज शिपायांनीं त्यांचीं देवळें पाडलीं होतीं, गांवें जाळलीं होतीं. हत्यारबंद जमाव चालून आला. पाद्र्यांबरोबरच्या एका पोर्तुगीजानें बंदूक रोखली, तेव्हां त्या पांचांपैकींच पाशेकु नांवाच्या पाद्र्यानें, आपण येथें लढावयास आलेलों नाहीं असें सांगून, ती खालीं करावयास लावली, असें जेझुइट वृत्तांतांत नमूद आहे. पांचहि पाद्री व त्यांचे सोबती मारले गेले. कांहीं दिवसांनीं असोळणें येथील किल्ल्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकरांना बोलणीं करण्याच्या मिषानें बोलाविलें आणि ठार केलें. एकटा निसटला.

यांत वीर कोणाला म्हणावें? बंदूक खालीं करावयास लावणारा पाशेकु 'ख्रिस्तपुराणा'च्या कसोटीस पुरा उतरतो. त्या पांच जणांना रोमच्या पोपनें १८९३ सालीं 'धन्य' ही पदवी दिली, ती याच कसोटीवर. पण आपल्या देवासाठीं व गांवासाठीं हातांत शस्त्र धरणारे, आणि विश्वासघातानें मेलेले गांवकर 'हरिविजय' ऐकणाऱ्या श्रोत्यास वीरच वाटतील, आणि त्याचें चुकतें असें कोणी म्हणूं नये. कुंकळ्ळींत आज त्या गांवकरांचें स्मारक आहे. किल्ल्यावरील अधिकाऱ्याला मात्र कोणत्याच काव्यांत जागा नाहीं. आणि तरी साष्टींत सत्ता चालली ती त्याची. 'ख्रिस्तपुराणां'तला नायक कान छाटलेल्या शत्रूला बरें करतो, आणि त्या पुराणाला ज्यांचा आश्रय होता ते शत्रूचा सूड घेतात. अशा ठिकाणीं क्षमेचें शौर्य कितीहि सुंदर ओव्यांत सांगितलें तरी ऐकणाऱ्याच्या मनांत शंकेची पाल चुकचुकल्यावांचून राहत नाहीं.

स्टीफन्सनंतर थोड्याच वर्षांनीं, १६२९ सालीं, एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानें सेंट पीटरच्या चरित्रावर तेवढेंच मोठें मराठी ओवीबद्ध पुराण छापलें. विषयाची निवड मार्मिक आहे. कारण तरवार उपसणारा पीटर, त्याच रात्रीं भीतीनें गुरूला तीनदां नाकारणारा पीटर, व परंपरेनुसार अखेर रोम शहरीं उलटा टांगला जाऊन मरणारा पीटर, हा जुन्या वीरापासून नव्या वीरापर्यंतचा सारा प्रवास एकटाच करतो. पण ग्रंथाचा पुष्कळ भाग हिंदु देवतांच्या खंडनांत गेला आहे, आणि खंडनाच्या खडकांत काव्याचें रोप वाढत नाहीं.

मग दैवगति पाहा. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषाच सोडून द्यावी असा हुकूम काढला. 'ख्रिस्तपुराणा'च्या सतराव्या शतकांत तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांपैकीं एकीचीहि प्रत आज उरलेली नाहीं. पुराण जगलें तें हस्तलिखितांतून, आणि त्यांतहि मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतून. या लोकांच्या पाठीशीं कोणाचीहि तरवार नव्हती. तेथेंच १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं तें पुन्हां छापलें. पुढें लंडनमधील मार्सडेन संग्रहांत त्याची देवनागरी प्रत आढळली. ती उजेडांत आणणारे जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे. यांनींच म्हातारपणीं महिपतींचीं संतचरित्रें इंग्रजींत आणण्याचा उद्योग केला. एकाच माणसाच्या टेबलावर 'ख्रिस्तपुराण' आणि 'भक्तिविजय' एकत्र यावें हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे, आणि तो आपणांस गोव्याहून परत नगर-आष्टीच्या टापूंत आणून सोडतो.

कारण शस्त्र न उचलणारा वीर या टापूला नवा नव्हताच. शेख महंमदांच्या 'योगसंग्रामां'त युद्ध आहे, पण तें माणसाच्या आंतलें. महिपतींनीं १७६२ सालीं 'भक्तिविजय' पुरा केला, आणि त्यानंतरहि संतचरित्रें लिहिलीं. त्यांतले नायक विणकर, शिंपी, कुंभार, वाणी. एकाच्याहि कमरेस तरवार नाहीं. मंबाजीनें कांटेरी फांदीनें तुकोबांना झोडपलें. रात्रीं तो कीर्तनाला आला नाहीं, तेव्हां मारून मारून याचे हात दुखत असतील म्हणून तुकोबा त्याच्या घरीं गेले व त्याचें अंग चेपूं लागले. नाथांच्या अंगावर एक जण पुन्हां पुन्हां थुंकला, व नाथ पुन्हां पुन्हां गोदावरींत स्नान करून आले. बागेंत शत्रूचा कान बरा करणाऱ्या ख्रिस्ताजवळ या दोघांना नेऊन बसविलें तर तिघांनाहि अवघडल्यासारखें होणार नाहीं.

तरीहि एक भेद राहतोच, आणि तो लहान नाहीं. आपल्या भक्तकथेंत देव धांवून येतो. प्रह्लाद सारें सोसतो, पण शेवटीं खांब दुभंगतो व नरसिंह प्रकट होतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींतून कोरड्या वर येतात. वधस्तंभाच्या कथेंत त्या दुपारीं कोणी धांवून येत नाहीं. तिसऱ्या दिवशींचें पुनरुत्थान ख्रिस्ती श्रद्धेला सर्वस्व आहे, परंतु तें मरणानंतरचें आहे. मरण त्यानें टळत नाहीं. ख्रिस्ती महाकाव्याच्या नायकाला सुटका नसतांना उभें राहावें लागतें. या ठिकाणीं महिपतींची ओवी टिळकांना उपयोगी पडणार होती, पण पुरी पडणार नव्हती.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत, चित्पावन ब्राह्मण घरांत झाला. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यामागें कोणताहि किल्ला नव्हता. नातें, घर, जात सर्व एका दिवसांत तुटलें. पत्नी लक्ष्मीबाई सुमारें पांच वर्षें दूर राहिल्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों असें ते सांगत, व तें खरेंच होतें. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त हा राजा नाहीं, माउली आहे. स्टीफन्सच्या पुराणावर जी छाया होती ती येथें मुळींच नाहीं. १९१७ सालीं तर त्यांनीं मिशनचा पगारहि सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. या माणसानें न प्रतिकारणाऱ्या नायकाचें काव्य लिहिलें तर तें ऐकणाऱ्याला पटेल, अशी त्याची राहणी होती.

पण काव्य पुरें झालें नाहीं. पहिले दहा-अकरा अध्याय लिहून झाले, आणि १९१९ च्या मे महिन्यांत टिळक मुंबईस वारले. त्यांची प्रतिभा मूळची अभंगाची व भावगीताची. हजारों ओव्यांचा सलग प्रवाह तिला थोडा जडच जात होता, हें त्या अध्यायांवरून जाणवतें. काव्य तेथेंच थांबलें असतें तर कोणाला नवल वाटलें नसतें.

तें पुरें केलें लक्ष्मीबाईंनीं. त्यांचें लग्न अकराव्या वर्षीं झालेलें. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती टिळकांमुळें. माहेरीं वडिलांच्या सोंवळ्याचा जांच, सासरीं सासऱ्यांचा रागीट कारभार, नंतर नवऱ्याचें धर्मांतर व त्यांतून आलेला वियोग, हें सारें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तें पुस्तक घराघरांत वाचलें गेलें तें दुःखांसाठीं नव्हे, तर दुःखें सांगतांना बाईंना हसूं येतें म्हणून. सुटका दिसत नसतांना उभें राहणें म्हणजे काय हें त्यांना मिल्टन वाचून कळावयाचें नव्हतें. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो कोणाच्या आग्रहास्तव नव्हे, जातिभेदाविषयींचें मन आंतून पालटल्यावर.

पतीच्या पश्चात् त्या विधवा बाईंनीं 'ख्रिस्तायना'चे साठांहून अधिक अध्याय लिहिले. काव्य म्हणून त्यांतले सर्वच अध्याय सारख्या तोलाचे आहेत असें रसिक म्हणणार नाहींत. कित्येक ठिकाणीं ओवी गद्याच्या वाटेनें चालते. पण ती घरगुती आहे, दळणाच्या जात्यावर बसलेल्या बाईची ओवी आहे. आणि वधस्तंभाच्या कथेंत एक गोष्ट अशी आहे कीं ती अशाच ओवीला शोभते. शिष्य पळाले तेव्हां शेवटपर्यंत तेथें थांबल्या त्या बायका. त्यांनीं कांहींच केलें नाहीं. करण्यासारखें कांहीं नव्हतें. त्या फक्त गेल्या नाहींत. रणवर्णनाच्या परंपरेंत वाढलेल्या कवीला या थांबण्याचें काय करावें हें बहुधा उमगत नाहीं.

लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारींत नाशिकास वारल्या. 'ख्रिस्तायन' छापून निघालें तें त्यानंतर दोन वर्षांनीं, १९३८ सालीं.